निःशब्दाचा अभिनय : निर्वासित अभिनेत्री हेलेने वायगेल

१

निर्वासनात कलावंताचे नेमके काय हरपते, या प्रश्नाचे उत्तर सर्व कलांच्या बाबतीत सारखे नाही. १९३३ नंतर हिटलरच्या जर्मनीतून आणि पुढे ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकिया येथून जे ज्यू कलावंत देशोधडीला लागले, त्यांच्यापैकी काहींना मुंबईने आसरा दिला. प्रागशी निगडित असलेला संगीतकार वॉल्टर कॉफमान १९३४ मध्ये मुंबईत आला आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्याने पाश्चात्त्य संगीताची धुरा सांभाळली. आकाशवाणीची सर्वपरिचित संकेतधून त्याचीच मानली जाते. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये मुंबईत उतरली आणि दोनच वर्षांत तिने येथे नृत्यशाळा काढली. प्रागचा लेखक व समीक्षक विली हास याने मोहन भवनानी यांच्या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहिल्या. स्वराला भाषांतराची गरज नसते. देहाच्या लयीला ती फारशी नसते. आणि लेखकाचा मजकूर दुसऱ्या कोणाच्या मदतीने का होईना, परभाषेत नेता येतो.

नटाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याची भाषा त्याच्या ओठांवर असते. शब्दाचा आघात, स्वराचा चढउतार, वाक्यातील विरामाची जागा या गोष्टी त्याने लहानपणापासून कानांनी टिपलेल्या असतात, आणि समोरचा प्रेक्षकही त्याच कानांचा असावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी अंमलाबरोबर जबलपूरसारख्या गावी जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना याचा थोडाबहुत अनुभव आहे. घरात मराठी आणि बाजारात हिंदी असा व्यवहार पिढ्यानुपिढ्या चालत असता तेथे मराठी नाटक उभे करायचे, तर प्रेक्षकांची संख्या मोजक्या घरांपुरतीच राहणार. परंतु स्थलांतर आणि निर्वासन यांत मूलभूत अंतर आहे. जबलपूरच्या मराठी नटाला नागपूरची वाट मोकळी असते. निर्वासित नटाची परतीची वाटच बंद झालेली असते. आणि ज्या रंगमंचावर त्याची भाषा बोलली जाते, तेथेच त्याच्या जिवाला धोका असतो.

या दृष्टीने हेलेने वायगेल (१९००–१९७१) हिचे चरित्र विशेष अभ्यसनीय आहे. बेर्टोल्ट ब्रेख्तची पत्नी आणि त्याच्या नाटकांतील प्रमुख अभिनेत्री म्हणून तिचे नाव भारतीय नाट्याभ्यासकांना परिचित आहे. तथापि तिच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर पंधरा वर्षांची एक पोकळी आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिची रंगभूमी सुटली. ती पुन्हा हाती आली तेव्हा तिला अठ्ठेचाळिसावे वर्ष लागायला तीनच महिने उरलेले नव्हते, तर ते वर्षच सरत आले होते. या सक्तीच्या मौनाने तिच्या कलेचे जे नुकसान केले ते उघड आहे. त्याच मौनातून तिच्या अभिनयाचे सर्वांत समर्थ साधन कसे घडले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

२

वायगेलचा जन्म १२ मे १९०० रोजी व्हिएन्नात एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. मराठी वाचकाला जवळून परिचित असलेला ज्यू समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल. त्यांनी मराठी आपलीशी केली आणि मराठीनेही त्यांना कधी परके मानले नाही. डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांच्यासारखा अभिनेता याच समाजातून आला. व्हिएन्नाच्या ज्यूंनीही जर्मन भाषा अशीच मनापासून स्वीकारली होती. त्या भाषेच्या साहित्यात, पत्रकारितेत आणि रंगभूमीवर त्यांचा वाटा मोठा होता. ही भाषा तुमची नव्हे, असे त्यांना एके दिवशी राजसत्तेने बजावले, हा दोन इतिहासांतील फरक होय.

वायगेलचे शिक्षण ऑयगेनी श्वार्ट्सवाल्ड या सुधारक शिक्षिकेच्या प्रसिद्ध शाळेत झाले. घरच्यांचा विरोध असतानाही तिने नटी होण्याचा हट्ट धरला. तिच्या सुरुवातीच्या नाट्यपरीक्षेच्या वेळी डॅनिश लेखिका कारिन मिखाएलिस हजर होती, आणि या कोवळ्या मुलीच्या सामर्थ्याने चकित होऊन तिने त्याविषयी लिहिलेही. हा परिचय पुढे अनपेक्षित रीतीने उपयोगी पडावयाचा होता.

१९१९ मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या नाट्यगृहात तिला पहिली नेमणूक मिळाली. तेथे ब्यूशनरच्या ‘वॉयत्सेक’मधील मारीची भूमिका तिने केली. १९२२ मध्ये ती बर्लिनला आली आणि लेओपोल्ड येसनरच्या हाताखाली काम करू लागली. अभिव्यक्तिवादाचा तो बहराचा काळ होता. या काळात वायगेलचा लौकिक आवेगी, मोठ्या आवाजाची नटी असा होता. पुढे जिच्या मौनाची जगभर चर्चा झाली, ती आरंभी आवाजासाठी ओळखली जात होती ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९२३ मध्ये तिची ब्रेख्तशी ओळख झाली. १९२४ मध्ये मुलगा श्टेफान जन्मला. १९२९ मध्ये दोघांनी विवाह केला आणि १९३० मध्ये मुलगी बार्बारा झाली. या वर्षांत तिच्या अभिनयाची दिशा पालटली. १९२९ मध्ये येसनरच्या ‘ईडिपस’मध्ये तिला दासीची लहानशी भूमिका होती. राणी जोकास्टाच्या मृत्यूची वार्ता सांगताना तिने हुंदका आणला नाही, गळाही दाटू दिला नाही. घडलेली भीषण गोष्ट दासीने साक्षीदाराच्या ठामपणाने सांगितली. ब्रेख्तने या प्रसंगावर स्वतंत्र टिपण लिहिले आहे. नटाने पात्रात विरघळून न जाता पात्र प्रेक्षकांपुढे मांडावे, असा जो विचार तो तेव्हा जुळवीत होता, त्याचे प्रत्यक्ष उदाहरण त्याला आपल्या घरातच सापडले होते.

जानेवारी १९३२ मध्ये गॉर्कीच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘आई’ या नाटकात तिने पेलागेया व्लासोव्हाची भूमिका केली. निरक्षर, भित्र्या कामगार स्त्रीची पायरीपायरीने जागृत कार्यकर्ती होण्याची ही कथा आहे. या भूमिकेत वायगेलला आपला सूर सापडला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमधील संसदभवन पेटले, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेख्त व वायगेल देशाबाहेर पडले.

३

प्राग, व्हिएन्ना आणि स्वित्झर्लंड असा फिरत हा संसार डेन्मार्कला पोहोचला. तेथे थ्युरो बेटावर त्यांना प्रथम आसरा दिला तो कारिन मिखाएलिसने. पुढे स्वेन्बोर्गजवळ स्कोव्हस्बोस्ट्रांड येथे एक जुने गवती छपराचे घर घेतले गेले आणि १९३९ पर्यंत हेच त्यांचे ठिकाण होते. ब्रेख्तच्या लेखनाच्या दृष्टीने हा काळ समृद्ध ठरला, कारण लेखकाला कागद पुरतो. वायगेलला मात्र रंगमंचच नव्हता. परक्या गावातील घर, दोन मुले, वाट चुकल्यासारखे येणारे-जाणारे निर्वासित आणि त्यांच्यासाठी सतत पेटलेली चूल यांतच तिचे दिवस जात होते. जुन्या बाजारातून घरासाठी भांडी आणि सामान पारखून आणण्याचा तिचा छंद याच काळात दृढ झाला. वस्तू हातात घेऊन तिचे वजन, झीज आणि उपयोग ओळखणारी तिची नजर पुढे रंगभूमीच्या कामी आली. तिने निवडलेल्या नाट्यसाहित्यावर ब्रेख्तने एक कविताच लिहिली आहे.

या सहा वर्षांत जर्मन बोलण्याच्या संधी तिला बोटांवर मोजण्याइतक्याच मिळाल्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये पॅरिसला झ्लाटान डुडोव्हच्या दिग्दर्शनाखाली ‘श्रीमती कारारच्या बंदुका’ हे नाटक झाले. स्पेनच्या यादवी युद्धात आपल्या मुलांना लढाईपासून दूर ठेवू पाहणाऱ्या कोळीण विधवेची ही कथा. नाटक चालू असताना कारारची भाकरी भट्टीत भाजली जात असते. शेवटी मासेमारीस गेलेल्या मुलाचे प्रेत घरी येते आणि तीच दडवलेल्या बंदुका बाहेर काढते. मे १९३८ मध्ये, पुन्हा पॅरिसलाच, ‘थर्ड राइखमधील भय आणि दैन्य’ या नाट्यमालेतील काही प्रवेश सादर झाले. त्यांपैकी एकात वायगेलने ज्यू पत्नीची भूमिका केली. ही बाई देश सोडण्यासाठी सामान बांधते, परिचितांना दूरध्वनी करून निरोप घेते, आणि नवऱ्याला काय सांगायचे याची तालीम रिकाम्या खुर्चीपुढे करते. ज्याच्याशी बोलायचे तोच समोर नाही, अशी ही भूमिका. दोनच महिन्यांपूर्वी हिटलरचे सैन्य व्हिएन्नात शिरले होते. वायगेलचे वृद्ध वडील त्याच शहरात होते. महायुद्धकाळात त्यांना तेथून पोलंडमधील लोद्झच्या बंदिस्त ज्यू वस्तीत नेण्यात आले आणि ते परत आले नाहीत. प्रवेशातील रिकाम्या खुर्चीला असा एक खासगी अर्थही होता.

एप्रिल १९३९ मध्ये कुटुंब स्वीडनला गेले. तेथील अभिनेत्री नाइमा विफ्स्ट्रांड हिच्या नाट्यशाळेत वायगेलने काही काळ अध्यापन केले. त्याच वर्षी, युद्धाला तोंड फुटले असता, ब्रेख्तने ‘मदर करेज’ लिहिले. तीस वर्षे चाललेल्या सतराव्या शतकातील युद्धात सैन्यामागून गाडा ओढीत माल विकणारी एक बाई आपली तिन्ही मुले एकेक करून गमावते, असे त्याचे कथानक आहे. तिची मुलगी काट्रिन मुकी आहे. या मुकेपणाचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. नाटक स्कँडिनेव्हियात झाले तर ते तेथील भाषेत होणार. मुख्य भूमिका विफ्स्ट्रांड करील. मग स्वीडिश न येणाऱ्या वायगेलने काय करायचे? तिच्यासाठी जी भूमिका लिहिली गेली तीत एकही वाक्य नव्हते. तो प्रयोग स्वीडनमध्ये झाला नाही. मात्र निद्रिस्त शहराला सावध करण्यासाठी छपरावर चढून नगारा बडवणारी आणि त्यापायी गोळी खाणारी काट्रिन जागतिक नाट्यवाङ्मयात अजरामर झाली. ज्या मुकेपणाची गरज निर्वासित नटीच्या अडचणीतून निर्माण झाली, तोच या नाटकाचा नैतिक केंद्रबिंदू ठरला.

नाटकाचा पहिला प्रयोग एप्रिल १९४१ मध्ये झ्यूरिकला झाला, आणि त्यात करेजची भूमिका म्युनिकहून निर्वासित झालेल्या तेरेझे गीझे या ज्यू अभिनेत्रीने केली. दोघींच्या नशिबांतील फरक बोलका आहे. गीझेला जेथे आश्रय मिळाला त्या झ्यूरिकच्या रंगभूमीची भाषा जर्मन होती. म्हणून ती नटी राहू शकली. त्या वेळी वायगेल फिनलंडमध्ये व्हिसाची वाट पाहत होती. मे १९४१ मध्ये हे कुटुंब मॉस्कोमार्गे सायबेरिया ओलांडून व्लादिव्होस्तोकला गेले आणि तेथून बोटीने जुलैत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यास लागले.

अमेरिकेतील सहा वर्षांत तिच्या वाट्याला उल्लेखनीय असे एकच काम आले. आना झेगर्सच्या कादंबरीवरून फ्रेड झिनेमानने काढलेल्या ‘द सेव्हन्थ क्रॉस’ (१९४४) या चित्रपटात ती इमारतीची राखण करणाऱ्या बाईच्या भूमिकेत क्षणभर दिसते. तिला एकही संवाद नाही. बर्लिनच्या रंगभूमीवर जिचा आवाज गाजला होता, तिला हॉलिवूडने चेहरा तेवढा दाखवू दिला.

४

ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष देऊन ब्रेख्तने दुसऱ्याच दिवशी युरोप गाठला. पाठोपाठ वायगेलही मुलीसह स्वित्झर्लंडला आली. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी कूर या लहानशा स्विस गावी ‘अँटिगनी’चा प्रयोग झाला. सोफोक्लीझच्या नाटकाचे हे रूप ब्रेख्तने हेल्डरलिनच्या जर्मन भाषांतरावरून सिद्ध केले होते. कोवळ्या राजकन्येची भूमिका करणारी नटी पन्नाशीकडे झुकलेली होती. प्रयोग मोजकेच झाले. तरीही या प्रयोगाने बर्लिनची पूर्वतयारी झाली, आणि पंधरा वर्षांनी वायगेलला तिची भाषा रंगमंचावर परत मिळाली.

११ जानेवारी १९४९ रोजी, उद्ध्वस्त बर्लिनमधील डॉइचेस थिएटरमध्ये ‘मदर करेज’ झाले. वायगेल आता करेज होती. काट्रिनची भूमिका आंगेलिका हुर्विच हिने केली. तिसऱ्या प्रवेशात करेजचा धाकटा मुलगा पकडला जातो. लाच देऊन त्याला सोडवता येईल, पण करेज रकमेची घासाघीस करते आणि ती करताना वेळ निघून जातो. दूरवर गोळ्यांचा आवाज होतो. पुत्र गेला हे तिला कळते; पण ती ओळख दाखवू शकत नाही, कारण दाखवली तर तीही जाईल. या क्षणी वायगेलने मान मागे टाकली, तोंड पूर्ण उघडले आणि आवाज काढला नाही. आक्रोशाची सर्व शरीरचिन्हे होती, आक्रोश मात्र नव्हता. प्रेक्षकांच्या कानी जी किंकाळी पडली नाही तीच त्यांच्या स्मरणात राहिली, आणि विसाव्या शतकाच्या अभिनयेतिहासात या क्षणाला कायमचे स्थान मिळाले.

या अभिनयाचा उगम कोठे असावा, याविषयी ब्रेख्तने आपल्या प्रयोगनोंदींत एक तर्क केला आहे, आणि तो भारतीय अभ्यासकांसाठी लक्षणीय आहे. सिंगापूरवरील भडिमारात ठार झालेल्या मुलाच्या देहापाशी बसलेल्या एका भारतीय स्त्रीचे वृत्तपत्रीय छायाचित्र वायगेलने काही वर्षांपूर्वी पाहिले असावे, आणि उघडे निःशब्द तोंड व मागे झुकलेली मान ही त्यातूनच आली असावी, असे तो म्हणतो. विचारल्यावर खुद्द वायगेलला ते चित्र आठवले नाही, हेही त्याने नोंदवले आहे. सिंगापूर १९४२ च्या फेब्रुवारीत पडले. मलायात व सिंगापुरात पोटासाठी गेलेल्या असंख्य भारतीयांपैकी ती एक; तिचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. छायाचित्राला आवाज नसतो, म्हणून तिची किंकाळी कागदावर निःशब्दच उमटली. ती पाहणारी नटीही त्या वेळी परदेशात वाचा हरवून बसली होती. परदेशात पुत्र गमावलेल्या अनाम भारतीय मातेचा हावभाव एका निर्वासित ज्यू अभिनेत्रीच्या देहात साठून राहिला आणि सात वर्षांनी बर्लिनमध्ये प्रकट झाला. ब्रेख्तचा तर्क बरोबर असेल, तर पौर्वात्य आणि पाश्चात्त्य रंगभूमीच्या संबंधांचा हा एक अत्यंत शोकात्म अध्याय मानावा लागेल.

भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. या परिभाषेत बोलायचे तर निर्वासनाने वायगेलचा वाचिक अभिनय हिरावून घेतला, तेव्हा उरलेल्यांवर सर्व भार पडला. शेवटच्या प्रवेशात मृत काट्रिनच्या उत्तरक्रियेसाठी करेज शेतकऱ्यांना पैसे देते. वायगेल कातडी पिशवीतून नाणी काढी, त्यांतले एक परत पिशवीत टाकी आणि उरलेली देई. शोकातही हिशेब न विसरणारी ही बाई समजावून सांगण्यास एरव्ही लांबलचक भाषण लागले असते. पैशाची पिशवी उघडण्या-मिटण्यातली ही नजाकत नाट्यशाळेत शिकता येत नाही. परमुलखात तुटपुंज्या पैशांत घर चालवणाऱ्या बाईच्या हातांना ती येते.

५

१९४९ मध्येच बर्लिनर एन्सेंबल ही नाट्यसंस्था स्थापन झाली आणि वायगेल तिची संचालक झाली. १९५४ मध्ये संस्थेला शिफबाउअरडाम येथील नाट्यगृह मिळाले. त्याच वर्षी पॅरिसला आणि १९५६ मध्ये लंडनला झालेल्या दौऱ्यांनी या संस्थेची ख्याती सर्वदूर पोहोचली. ऑगस्ट १९५६ मध्ये ब्रेख्तचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षे वायगेलने ही संस्था चालवली. हा कार्यकाळ निष्कंटक नव्हता. पूर्व जर्मनीच्या राजवटीला ब्रेख्तची नाट्यपद्धती आरंभी संशयास्पद वाटत होती, आणि १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा पश्चिम भागात राहणारे नट आणि प्रेक्षक दोन्ही तुटले. ज्या राज्याने तिला रंगमंच दिला, त्याच राज्याने इतर अनेकांच्या वाटा बंद केल्या, हा विरोधाभास तिच्या उत्तरायुष्याचा मूल्यमाप करताना दृष्टिआड करता येत नाही.

दूरचित्रवाणीशी तिचा संबंधही याच काळातला. पूर्व जर्मनीत डिसेंबर १९५२ मध्ये प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि १९५३ मध्ये एगोन मोंकच्या दिग्दर्शनाखाली ‘श्रीमती कारारच्या बंदुका’ छोट्या पडद्यावर आले. कारार अर्थातच वायगेल होती. सोळा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मूठभर निर्वासितांपुढे झालेली भूमिका आता घराघरांत पोहोचू शकत होती. पुढे ‘आई’ आणि ‘मदर करेज’ यांचे प्रयोगही चित्रफितीवर उतरले. हात, पाठ आणि मिटलेले ओठ यांनी बोलणारा तिचा अभिनय कॅमेऱ्याच्या जवळिकीला मानवणारा होता. नाट्यप्रयोग पडदा पडताच संपतो. तिचे काम आज पाहता येते ते या चित्रणांमुळेच. एप्रिल १९७१ मध्ये पॅरिसजवळ नांतेर येथे ‘आई’च्या प्रयोगात ती अखेरची रंगमंचावर आली. फासळ्या मोडलेल्या असतानाही तिने काम थांबवले नव्हते. ६ मे १९७१ रोजी बर्लिनमध्ये तिचा मृत्यू झाला.

मराठी रंगभूमीवर ब्रेख्त दृढमूल झाला तो त्यानंतरच्या दशकात. चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने उभे केले, पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली आणला. मराठीने ब्रेख्त ओळखला तो सूत्रधार, गाणी, तमाशाची मोकळीक आणि उपरोध यांच्या द्वारे, म्हणजे मुख्यतः वाचिक अंगाने. आपल्या लोकनाट्यपरंपरेशी त्याचे जे नाते जुळले ते याच अंगाने, आणि ते स्वाभाविकही होते. त्याच्या नाट्यविचाराची दुसरी बाजू, म्हणजे शब्द थांबल्यावर उरणारा अभिनय, आपल्याकडच्या चर्चेत तुलनेने मागे राहिली.

ही बाजू मागे राहण्याचे एक कारण अभ्यासपद्धतीत आहे. भारतीय भाषांत ब्रेख्त बहुधा छापील संहितेतून पोहोचला, आणि वायगेलच्या त्या किंकाळीसाठी संहितेत एकही शब्द नाही. केवळ पुस्तक वाचणाऱ्याला तेथे ढोलाचा आवाज आणि अंधार एवढेच सापडेल. नाटक हे वाङ्मय म्हणून अभ्यासताना जे हाती लागत नाही, ते कधीकधी नाटकाचे मर्मच असते. वायगेलच्या बाबतीत ते मर्म पंधरा वर्षांच्या निर्वासनाने घडवले होते. सिंगापूरच्या रस्त्यावरील एका भारतीय मातेचाही त्यात कदाचित वाटा होता. भाषा गेल्यावर नटापाशी काय उरते, याचे वायगेलने दिलेले उत्तर म्हणून कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे राहिलेले नाही.